केसभर मागे

ढोल्या अंगाने काडी होता. शाळेत बाकं बडवायचा म्हणून मित्रांनी हे नाव ठेवलं आणि ते त्याला असं चिकटलं की पुढे लिफ्ट कंपनीतले साहेबसुद्धा "ढोल्या आला का?" असंच विचारायचे. पोटापाण्यासाठी त्याने चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. उरलेला वेळ बँडला दिला, आणि खरं सांगायचं तर लिफ्टचाही थोडा वेळ चोरून बँडलाच दिला.

बँडचं नाव 'चौथा मजला'. विशीत असताना चौघे ज्या खोलीत सराव करायचे ती चौथ्या मजल्यावर होती आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. लिफ्टवाल्यानेच रोज ड्रम खांद्यावर घेऊन जिने चढायचे, यावर चौघांनी पहिली दोन वर्षं विनोद केले, मग दम लागायला लागला तसे सोडून दिले. गाणारा आणि गिटार वाजवणारा तो भोंगा. त्याचा आवाज रस्त्यापलीकडे जायचा, आणि बोलायलाही तो तोच आवाज वापरायचा. कीबोर्डवर मास्तर, तो खरंच एका शाळेत गणित शिकवायचा आणि बँडची बहुतेक गाणी त्यानेच लिहिलेली. बेस गिटारवर मुका. मुका काही मुका नव्हता, पण त्याने आठवड्यात उच्चारलेली वाक्यं बोटांवर मोजता यायची.

एक काळ होता, त्यांची गाणी रेडिओवर दिवसातून चारदा लागायची आणि मैदानं भरायची. तो काळ सातआठ वर्षं टिकला. मग केस गेले, दात गेले, मास्तरचं एक मूत्रपिंड गेलं. बँड राहिला. एकेचाळीस वर्षांत एकही माणूस बदलला नाही, हे भोंगा प्रत्येक कार्यक्रमात माइकवर सांगायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे.

नव्या अल्बमचा हट्ट भोंग्याचाच. नऊ वर्षं त्यांनी नवं काही केलं नव्हतं. जिथे जातील तिथे लोक जुनीच गाणी मागायचे.

"आपण आपलंच संग्रहालय उघडलंय," तो एका सरावाला म्हणाला. "आणि दारात बसून तिकिटंही आपणच फाडतोय. मला नवीन गाणी हवीत. दहा. वय झालं म्हणून मला कुणी सवलत दिलेली चालणार नाही. चांगली हवीत."

ढोल्याला हे ऐकून अंगात वीज गेल्यासारखं झालं. निवृत्तीनंतर त्याचे दिवस लांबट झाले होते. सकाळी पेपर वाचायचा, मग दुपारी तोच पेपर पुन्हा वाचायचा. आता तो रोज काड्या घेऊन रबराच्या तुकड्यावर दोन तास हात चालवायला लागला. बायको बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर पडदे शिवायची. हॉटेलांचे, हॉलचे, लोकांच्या घरांचे. तिच्या मशीनची खडखड आणि याची टकटक अशी दोघांची जुगलबंदी चालायची.

आणि या वेळी त्याने एक गाणंही केलं. आयुष्यातलं पहिलं. एकेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांना ठेका दिलेल्या माणसाने एका संध्याकाळी मास्तरकडे जाऊन वहीचं पान पुढे केलं. "उतरताना मोजू नको पायऱ्या" अशी सुरुवात होती. संथ गाणं. मास्तरने चष्मा कपाळावर चढवून वाचलं, दोन शब्द इकडचे तिकडे केले आणि म्हणाला, "लेका, इतकी वर्षं कुठे लपवलं होतंस हे?"

हाताचं सांगायचं राहिलं. वर्षभरापासून ढोल्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर व्हायची. डॉक्टर म्हणाले, कोपरात नस दबली आहे. ऑपरेशन केलं तर फरक पडेल, किंवा पडणारही नाही. ढोल्याने ते अल्बमनंतर बघू म्हणून ढकललं. काडी कधी मुठीत फिरायची, कधी निसटायची. त्याने काडीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि कुणाला काही बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. चौघांना एकमेकांचं सगळं दिसायचं.

रेकॉर्डिंग सहा दिवस चाललं, टायरच्या दुकानामागच्या एका स्टुडिओत. दार उघडलं की गाण्याआधी रबराचा वास यायचा. स्टुडिओ चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, कडक. चांगलं झालं तर "झालं" म्हणायच्या, नाहीतर "परत." ढोल्याला त्या सहा दिवसांत "परत" बरेचदा ऐकावं लागलं. पण शेवटच्या दिवशी त्याचं गाणं झालं तेव्हा बाई काचेपलीकडून नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "झालं." भोंग्याने येऊन ढोल्याला मिठी मारली. त्याचे डोळे भरले होते. ढोल्या घरी चालत गेला. बस दोनदा शेजारून गेली, पण त्याला बसायचं नव्हतं.

चार महिन्यांनी, एका दुपारी, कुरियरने चौकोनी पुठ्ठा आला. आत रेकॉर्ड. वेष्टनावर चार रिकाम्या खुर्च्यांचा फोटो, मागे चौघांची नावं. 'ड्रम: ढोल्या.' त्याच्या गाण्यापुढे 'शब्द व चाल: ढोल्या' असंही होतं. तो ते दोनदा वाचून बायकोला दाखवायला घेऊन गेला. तिने सुई रोवलेली तशीच ठेवून हात पुसले, वेष्टन धरलं आणि म्हणाली, "छान आलंय हो."

त्याने बाहेरच्या खोलीतच रेकॉर्ड लावली. पहिलं गाणं दणदणीत होतं. तो खुर्चीत बसून पाय हलवत होता. दुसऱ्या गाण्यात पाय थांबला.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा कान वेगळाच असतो. तळमजल्यावर उभं राहून त्याला कळायचं की वर कप्पी घासतेय. त्याने सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. पुन्हा ऐकलं. समोरच्या छोट्या ड्रमवरचा घाव बरोबर वेळेवर पडत होता. प्रत्येक घाव.

ढोल्याचा घाव वेळेवर पडत नसे. तो केसभर मागे पडायचा. पहिल्या दिवसापासून. ही त्याची खोड होती आणि बँडचा सगळा बाज तिच्यावर उभा होता. मास्तर म्हणायचा, आम्ही तिघं पुढे धावतो आणि हा मागून शर्ट ओढून धरतो, त्यातून आमचं गाणं होतं.

त्याने स्वतःचं गाणं लावलं. शेवटच्या कडव्याआधी एक जागा होती. तिथे तो हात उचलायचा आणि खाली आणायचाच नाही. एक ठोका रिकामा सोडायचा, मग भोंगा गायला लागायचा. रेकॉर्डवर त्या जागी ड्रमांचा एक सुबक गडगडाट होता. सफाईदार, एकसारखा.

"हा मी नाही," ढोल्या म्हणाला.

मशीनची खडखड केव्हाच थांबली होती.

"काय?"

"हे मी वाजवलेलं नाही. यातलं एकही नाही."

"काहीतरीच काय," बायको म्हणाली. ती पडद्याची दुमड बोटाने दाबत होती. "तुमचंच आहे. मशीनवर साफ करतात म्हणे, म्हणून वेगळं वाटत असेल."

त्याने तिचं ऐकलं नाही, पण तिच्या बोलण्यावर शंकाही घेतली नाही. चपला घातल्या आणि निघाला.

स्टुडिओतल्या बाईंनी त्याला दारात बघितलं आणि हातातला कप खाली ठेवला.

"बसा दादा."

"कुणी वाजवलंय?"

बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "आहे एक. स्टुडिओत वाजवणारा, चाळिशीतला. दोन दिवसांत सगळी दहा केली. त्याला सांगितलं होतं तुमची तब्येत बरी नाही, आणि तुमच्याच इच्छेने चाललंय." त्या थांबल्या. "मला वाटलं, आतापर्यंत तुम्हाला सांगितलं असेल. मी म्हटलं होतं त्यांना, सांगा म्हणून. तर म्हणाले, वहिनींशी बोलणं झालंय, त्या बघतील कसं सांगायचं ते."

ढोल्याला आधी वाक्य नीट कळलं नाही.

"कोण वहिनी?"

बाईंनी कप उचलून पुन्हा खाली ठेवला. उत्तराची गरजही उरली नव्हती. बाहेर टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र सुरू झालं, बंद झालं, पुन्हा सुरू झालं.

"माझं वाजवलेलं आहे का अजून?" त्याने विचारलं.

"आहे. मी काही पुसत नाही."

"ऐकवा."

"दादा, कशाला..."

"ऐकवा म्हटलं ना."

त्याने सगळं ऐकलं, दहाही गाणी, कानांवर हेडफोन लावून, मान खाली घालून. पहिल्या गाण्यात काडी दोनदा निसटलेली ऐकू येत होती. तिसऱ्यात तो केसभर मागे नव्हता, चांगला बोटभर मागे होता, आणि बाकीचे तिघे त्याच्यासाठी थांबत थांबत चालले होते, म्हाताऱ्या नातेवाइकाला रस्ता ओलांडून न्यावं तसे. सहाव्या गाण्यात तर ठेका मध्येच सुटला होता. वाजवताना त्याला यातलं काही कळलं नव्हतं. वाजवताना त्याला वाटत होतं की आपण उडतोय.

मग त्याचं स्वतःचं गाणं आलं. ते संथ होतं, हाताला सवड देणारं. ते गाणं बरोबर होतं. ती रिकामी जागा आली आणि त्या शांततेत भोंग्याने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

त्याने हेडफोन काढला.

"हे का बदललं?"

बाई म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, हे एक राहू द्या. ते म्हणाले, नऊ एकाची आणि एक दुसऱ्याचं, लोकांच्या लक्षात येईल."

घरी पोचला तेव्हा उन्हं कलली होती. बायको मशीनपाशीच होती, पण मशीनवर कापड नव्हतं. त्याच्या तोंडाकडे बघून तिला कळलं.

"कधी आला होता भोंगा?" ढोल्याने विचारलं.

"तुम्ही हाताचा फोटो काढायला दवाखान्यात गेला होतात, त्या दिवशी."

"इथे बसला होता?"

"इथेच. या खुर्चीत." ती सरळ बघत होती. "रडत होता. म्हणाला, वहिनी, वाईट वाजलंय, असं बाहेर आलं तर लोक हसतील त्याला. आणि सांगितलं तर तो बँड सोडेल. तुम्हीच सांगा काय करू."

"आणि तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, करा."

"करा."

"रोज सकाळी तुमची बटणं कोण लावतं? गरम पाण्यात हात धरून बसता ते कोण बघतं? त्या सहा दिवसांत तुम्ही घरी यायचात तेव्हा तुमचा चेहरा कसा असायचा ते तुम्हाला नाही माहीत. वीस वर्षांत बघितला नव्हता मी तो. मला नाही मोडवलं."

"मोडलंच की."

"तुम्हाला कळणार नाही असं वाटलं."

हे तिने म्हणायला नको होतं. तिच्याही ते लक्षात आलं, पण शब्द निघून गेले होते.

"चार महिने," ढोल्या म्हणाला, "तू माझ्यासमोर जेवायला बसत होतीस. मी रोज विचारायचो, कधी येणार गं रेकॉर्ड. आणि तू म्हणायचीस, येईल हो, घाई काय."

"हो."

"दुपारी मी तुला विचारलं. तेव्हा तरी."

"घाबरले," ती म्हणाली.

तो आतल्या खोलीत गेला. दार लावलं नाही, पण ती आत आली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात दोघं भांडली नव्हती असं नाही. पडद्यांच्या कापडांवरून, लेकीच्या लग्नावरून, भोंग्याच्या उधळेपणावरूनसुद्धा भांडली होती. पण कुठल्याही भांडणात ती त्याच्या बाजूला आहे की नाही, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

दोन दिवसांनी सराव होता. हल्ली ते एका बंद पडलेल्या छापखान्याच्या तळघरात सराव करायचे. ढोल्या पोचला तेव्हा तिघे आधीच आले होते, आणि भोंगा हळू आवाजात बोलत होता, त्यावरूनच कळलं की बातमी पोचली आहे.

"बस," भोंगा म्हणाला.

"उभा बरा आहे. कुणी ठरवलं?"

"हे बघ, ढोल्या..."

"कुणी ठरवलं एवढं सांग."

मास्तरने चष्मा काढून रुमालाने पुसायला घेतला. "तिघांनी. आम्ही... हात वर करून ठरवलं."

"मतदान केलंत?"

"तसं नाही."

"हात वर केलेत म्हणजे मतदानच. गणिताचा मास्तर ना तू?" तो मुक्याकडे वळला. "आणि तू? तूही हात वर केलास?"

मुक्याने मान हलवली. नाही.

"मग काय म्हणालास?"

"काही नाही," मुका म्हणाला.

"तू कधीच काही म्हणत नाहीस. म्हणजे हो म्हणालास."

मुक्याने खाली बघितलं. भोंगा उठून ढोल्याच्या जवळ आला. इतक्या जवळ की त्याच्या दाढीतले पांढरे खुंट मोजता आले असते.

"तुला काय वाटतं, मला आनंद झाला? दुसऱ्या कुणाच्या ठेक्यावर गाताना मला कसं वाटलं असेल? माझाही आवाज दुरुस्त केलाय त्यांनी. वरचे सूर आता लागत नाहीत मला, ते मशीनवर चढवलेत. सगळ्यांचंच झालंय. म्हातारे झालोय आपण."

"तुझा आवाज दुरुस्त केला तेव्हा तू काचेपलीकडे बसला होतास," ढोल्या म्हणाला. "तू हो म्हणालास. आणि शेवटी तो तुझाच आवाज आहे."

"तुला सांगितलं असतं तर तू सोडून गेला असतास."

"सांगून बघायचं होतंस."

"एकेचाळीस वर्षं एकही माणूस बदलला नाही आपण..."

"बदललात की."

भोंग्याने हात पुढे केला होता तो तसाच राहिला.

"मी ऐकलं माझं," ढोल्या म्हणाला. "नऊ वाईट आहेत. तू म्हणालास ते खरं आहे. माझ्या तोंडावर म्हणाला असतास तर रडलो असतो, चार दिवस जेवलो नसतो, आणि मग बाजूला झालो असतो. नऊ गाण्यांसाठी. पण ते एक चांगलं होतं. तुलाही माहीत होतं चांगलं आहे."

भोंग्याने पुढे केलेला हात खिशात घातला. मग म्हणाला, "माहीत होतं."

"मग?"

"एकसारखं वाटावं म्हणून."

ढोल्याने एवढंच मागितलं की वेष्टनावर खरं नाव छापा. भोंगा म्हणाला, रेकॉर्ड दुकानांत गेल्या, आता पुढच्या छपाईला बघू. "आणि आत्ता हे बाहेर काढू नकोस," तो म्हणाला. "पाया पडतो तुझ्या. अल्बम चालू दे. मग तू म्हणशील तसं."

ढोल्या हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

अल्बम चालला. चांगलाच चालला. पेपरांत छापून आलं की साठी उलटलेल्या या चौघांनी तरुणांना लाजवलं आहे. आणि बहुतेक ठिकाणी ड्रमचा खास उल्लेख होता. या वयात हा नेमकेपणा, असं एकाने लिहिलं. ढोल्याच्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा वकील जिन्यात थांबवून म्हणाला, "काका, काय हात आहे हो तुमचा!" जुन्या लिफ्ट कंपनीतल्या मित्रांनी फोन केले. लेकीने दुसऱ्या गावाहून फोनवर सांगितलं की जावई गाडीत तेच गाणं सारखं लावतो, बाबांचं. ढोल्या प्रत्येकाला म्हणायचा, "आभारी आहे." दर वेळी ते म्हणताना त्याला वाटायचं, आपण कुणाच्या तरी खिशात हात घालतोय.

बायको आणि तो घरात एकमेकांना वळसा घालून राहत होते. बटणं तो स्वतः लावायला लागला होता. एकेका शर्टाला दहा मिनिटं लागायची. ती दारात उभी राहून बघायची आणि मग स्वयंपाकघरात जायची.

तिसऱ्या आठवड्यात एका रेडिओ केंद्रावर चौघांची मुलाखत होती. सकाळी अकराची, थेट. ढोल्या जाणार नव्हता, मग गेला. छोटी खोली, भिंतींना छिद्राछिद्रांचे पुठ्ठे, मध्ये गोल टेबल आणि पाच माइक. मुलाखत घेणारी बाई तयारीची होती. तिने जुन्या दिवसांबद्दल विचारलं, भोंग्याने नेहमीचे किस्से नेहमीच्या जागी हशा काढत सांगितले. मग तिने ढोल्याचं गाणं लावलं. शेवटच्या कडव्याआधीचा तो गडगडाट आला आणि ती डोळे मिटून म्हणाली, "ही जागा! दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. कशी सुचली ही जागा तुम्हाला?"

भोंग्याने ढोल्याच्या खांद्यावर हात टाकला आणि माइकमध्ये म्हणाला, "हा आमचा ढोल्या म्हातारा व्हायला तयारच नाही. एकेचाळीस वर्षं झाली..."

"ती जागा माझी नाही," ढोल्या म्हणाला.

बाई हसली. तिला वाटलं, नम्रपणा.

"मी तिथे काही वाजवलं नव्हतं. रिकामी सोडली होती. या रेकॉर्डवर ड्रम मी वाजवलेले नाहीत. दुसऱ्या एका माणसाने वाजवलेत, आणि चांगले वाजवलेत. त्याचं नाव छापायला हवं होतं. माझा हात आता चालत नाही. गाणं माझं आहे, तेवढं खरं आहे."

खोलीत काही क्षण शांतता पसरली. रेडिओवर शांतता फार मोठी ऐकू येते. मग काचेपलीकडच्या माणसाने घाईघाईने दुसरंच गाणं लावलं.

बाहेरच्या बोळात भोंग्याने त्याला गाठलं. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि आवाज, पहिल्यांदाच, फाटला होता.

"सगळ्यांसमोर? तुला माझ्याशी भांडायचं होतं तर घरी यायचंस. मारायचं होतंस मला. रेडिओवर?"

"मी तुझं नाव घेतलं नाही."

"माझी सगळी मेहनत... तू मला खोटारडा केलंस."

"मी नाही केलं," ढोल्या म्हणाला.

भोंग्याने हात उगारला. मारला नाही. तो हात त्याने स्वतःच्याच तोंडावरून फिरवला आणि जिना उतरून गेला. मास्तर त्याच्यामागे गेला. मुका क्षणभर थांबला, ढोल्याकडे बघितलं, ओठ हलले. मग तोही गेला.

चार दिवस पेपरवाल्यांचे फोन येत राहिले. ढोल्याने उचलले नाहीत. भोंग्याने एक निवेदन दिलं की हा निर्णय एका मित्राच्या प्रेमापोटी घेतला होता. लोकांनी भोंग्याला माफ केलं, काहींनी तर ढोल्यालाच नावं ठेवली, की इतक्या वर्षांच्या मैत्रीचं असं चव्हाट्यावर कशाला आणायचं. अल्बम आणखीच खपला. मुका एका सकाळी घरी आला, चहा घेतला, अर्धा तास बसला, निघताना म्हणाला, "चुकलं." ढोल्या म्हणाला, "हं." पुढच्या महिन्यातल्या मोठ्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत नवा ड्रमर होता आणि मुका त्याच्या शेजारी उभा होता.

त्या कार्यक्रमाच्या दिवशी बायको म्हणाली, "लेकीकडे जाऊ या का?" ढोल्याला घरात बसायचं नव्हतंच. दोघं बसने गेली. लेकीने दार उघडलं आणि आधी त्यांच्या मागे बघितलं, आणखी कुणी आहे का म्हणून.

"बाबा, आज तुमचा... मला वाटलं तुम्ही शेवटी जाल. मी रेडिओवरचं ऐकलं, पण आई फोनवर काही सांगतच नव्हती. नक्की झालं काय?"

ढोल्याने सांगितलं. स्टुडिओ, तो दुसरा ड्रमर, भोंगा, मतदान. सांगताना तो एक गोष्ट गाळून पुढे चालला होता. लेकीसमोर तिच्या आईला उघडं पाडायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"काकांना लाज कशी नाही वाटली," लेक म्हणाली. "आणि कुणालाच कसं काही माहीत नव्हतं?"

"मला माहीत होतं," बायको म्हणाली.

लेकीने मान वळवली.

"त्यांनी मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं. यांना चार महिने सांगितलं नाही. विचारलं तेव्हासुद्धा खोटं बोलले." तिने हातातला पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. "तुझे बाबा सांगत नाहीयेत, म्हणून मी सांगतेय."

लेकीने आईकडे बघितलं, मग बापाकडे. जावई आतून काहीतरी विचारायला आला आणि दारातूनच परत फिरला. कुणीच रडलं नाही. थोड्या वेळाने लेक उठली आणि पानं वाढायला घेतली. जेवताना नातीच्या शाळेच्या गोष्टी झाल्या, नवं फडताळ कुठे ठेवायचं यावर चर्चा झाली, ढोल्याने त्याचं मापही घेऊन दिलं.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. शेजारी शेजारी जागा नव्हती. बायको पुढे एका अनोळखी बाईशेजारी बसली, ढोल्या तीन रांगा मागे. बाहेर अजून उजेड होता. त्याला तिच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती, खालच्या केसांत रुतलेली पिन दिसत होती. चौथ्या थांब्यावर ती अनोळखी बाई उतरली. एक माणूस तिथे बसायला आला, तशी बायकोने आपली पिशवी उचलून त्या जागेवर ठेवली आणि मागे वळून बघितलं.

ढोल्याने बघितलं ते. तो एका थांब्यापुरता आहे तिथेच बसून राहिला.